छोट्या बेटांनी राखण कोणाकडे मागावी?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा या चिमुकल्या देशाकडे एक विनंती केली. तेथील आंतरराष्ट्रीय विमानतळावर रडारयंत्रणा व ती चालविणारे तंत्रज्ञ काही काळ ठेवू द्यावेत, अशी ती विनंती होती. एरवी अशा बातमीची कोणी फारशी दखल घेतली नसती. परंतु या विमानतळाला मॉरिस बिशप यांचे नाव आहे. क्यूबाच्या साह्याने तो बांधला जात असताना तो रशियन व क्यूबन लष्करी विमानांचा तळ होणार, असे सांगून अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जगाला सावध केले होते. आणि २५ ऑक्टोबर १९८३ रोजी ग्रेनाडावर चालून गेलेले अमेरिकन सैन्य ज्या ठिकाणी प्रथम उतरले, त्यांत हीच धावपट्टी होती. बेचाळीस वर्षांनंतर त्याच धावपट्टीजवळ अमेरिकेला स्वतःची यंत्रणा बसवावयाची होती. ग्रेनाडाच्या सरकारने होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. तांत्रिक व कायदेशीर बाजू तपासून निर्णय घेऊ, एवढेच सांगितले.

या सावध उत्तरात लहान राष्ट्रांची सारी विवंचना सामावलेली आहे. ज्याची लोकसंख्या आपल्याकडील एखाद्या तालुक्याएवढी आणि ज्याचे क्षेत्रफळ बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडेसे अधिक, अशा देशाने आपले रक्षण कसे करावे? स्वतःची फौज उभारावी, तर ती परवडत नाही. आणि परवडली, तर तीच एके दिवशी सरकार उलथून टाकील अशी भीती असते. एखाद्या महासत्तेचा आश्रय घ्यावा, तर स्वातंत्र्याला अर्थ उरत नाही. उरला तिसरा मार्ग, तो म्हणजे आपल्यासारख्याच लहान शेजाऱ्यांना हाताशी धरून परस्परांची राखण करण्याचा. पूर्व कॅरिबियनमधील बेटांनी हा तिसरा मार्ग १९८२ साली पत्करला. त्याला चार दशकांहून अधिक काळ लोटला. त्या प्रयोगाचे काय झाले, हे तपासून पाहण्यासारखे आहे. कारण तोच प्रश्न आज पॅसिफिक महासागरात आणि आपल्या दाराशी असलेल्या हिंदी महासागरातही उभा आहे.

फसलेले संघराज्य

मराठी वाचकाला ही बेटे प्रामुख्याने क्रिकेटमुळे परिचित आहेत. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या संघाने ज्या वेस्ट इंडीजला त्यांच्याच भूमीवर हरविले, तो वस्तुतः एका देशाचा संघ नव्हताच. बार्बाडोस, जमेका, त्रिनिदाद, गयाना अशा अनेक देशांचे खेळाडू एका निशाणाखाली खेळत होते, आणि आजही खेळतात. राजकारणात मात्र असे एक निशाण उभारण्याचा प्रयत्न फसला. १९५८ साली ब्रिटिश वसाहतींचे एक संघराज्य स्थापन झाले. १९६१ साली जमेकाच्या मतदारांनी सार्वमतात त्यातून बाहेर पडण्याचा कौल दिला. त्यामागोमाग त्रिनिदादही निघाले, आणि १९६२ साली संघराज्य विसर्जित झाले. जी मोठी बेटे होती ती आपापल्या बळावर स्वतंत्र झाली. लहान बेटे ब्रिटनच्या आधाराने आणखी काही वर्षे राहिली आणि १९७४ ते १९८३ या काळात एकामागून एक स्वतंत्र झाली. ग्रेनाडा, डॉमिनिका, सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट, अँटिगा, सेंट किट्स अशी ती नावे.

स्वातंत्र्याबरोबर ध्वज, राष्ट्रगीत व संयुक्त राष्ट्रसंघातील आसन मिळाले. परंतु ब्रिटनची युद्धनौका निघून गेल्यावर किनाऱ्यावर पहारा कोणाचा, याचे उत्तर मिळाले नव्हते. तो प्रश्न लवकरच अंगावर आला. १३ मार्च १९७९ रोजी ग्रेनाडात बिशप यांच्या मूठभर अनुयायांनी पंतप्रधान एरिक गेरी परदेशी असताना सत्ता बळकावली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, सेंट व्हिन्सेंटला स्वतंत्र होऊन दीड महिनाही झाला नव्हता तोच, त्या देशाच्या युनियन नावाच्या एका लहान बेटावर तरुणांच्या टोळीने उठाव केला. सेंट व्हिन्सेंटचे पोलीस तेथे धाडावेत, तर राजधानी उघडी पडत होती. तेव्हा पंतप्रधान मिल्टन केटो यांनी बार्बाडोसला हाक घातली. बार्बाडोसचे सैनिक मुख्य बेटावर येऊन थांबले, आणि सेंट व्हिन्सेंटचे स्वतःचे पोलीस युनियन बेटावर जाऊन तो उठाव मोडू शकले.

१९८१ साली तर याहून चमत्कारिक प्रकार घडला. डॉमिनिकाच्या पंतप्रधान युजेनिया चार्ल्स यांचे सरकार पाडून पदच्युत नेते पॅट्रिक जॉन यांना पुन्हा गादीवर बसविण्यासाठी अमेरिकेत भाडोत्री माणसांची एक टोळी जमली होती. तिच्यात कू क्लक्स क्लॅनसारख्या वर्णद्वेष्ट्या संघटनांशी संबंध असलेले लोक होते. म्हणजे गोऱ्या वंशवाद्यांनी कृष्णवर्णीयांच्या देशाचे राज्य काबीज करावयाचे, असा बेत होता. न्यू ऑर्लिन्सजवळ जहाजावर चढण्यापूर्वीच त्यांना अटक झाली म्हणून अनर्थ टळला. या कटाशी देशाच्या चिमुकल्या सैन्यातील काहींचे संगनमत होते असे दिसून आल्यावर श्रीमती चार्ल्स यांनी ते सैन्यच विसर्जित केले. कुंपणच शेत खाऊ लागले, तर कुंपण काढून टाकणे हेच शहाणपणाचे, असा तो निर्णय होता.

करार आणि त्यातील शहाणपण

या अनुभवातून २९ ऑक्टोबर १९८२ रोजी डॉमिनिकाच्या रोझो या राजधानीत बार्बाडोस, अँटिगा, डॉमिनिका, सेंट लुशिया व सेंट व्हिन्सेंट या पाच देशांनी एका सामंजस्यपत्रावर सह्या केल्या. प्रादेशिक सुरक्षा व्यवस्था हे तिचे नाव. बार्बाडोसचे पंतप्रधान टॉम अ‍ॅडम्स हे तिचे एक प्रमुख शिल्पकार होते. पुढे सेंट किट्स आणि ग्रेनाडा हे देश तिच्यात आले. ५ मार्च १९९६ रोजी ग्रेनाडातच या पत्राचे रीतसर तहात रूपांतर झाले.

या व्यवस्थेची रचना नीट समजून घेतली पाहिजे. तिची स्वतंत्र खडी फौज नाही. बार्बाडोसमधील एका तळावर एक लहानशी कचेरी, काही अधिकारी आणि टेहळणीची विमाने एवढाच तिचा कायमचा संसार. प्रत्येक देशाने आपल्या पोलीसदलात किंवा संरक्षणदलात एक खास तुकडी तयार ठेवावयाची, तिचे प्रशिक्षण इतरांच्या तुकड्यांबरोबर एकाच पद्धतीने करावयाचे, आणि एखाद्या सदस्याने मदत मागितली की इतरांनी आपल्या तुकड्या पाठवावयाच्या. मदतीची मागणी त्या देशाच्या सरकारने केली पाहिजे. आपण होऊन कोणी कोणाच्या घरात शिरावयाचे नाही. खर्चाचा मोठा वाटा बार्बाडोस उचलतो. तहातील कामांची यादीही बोलकी आहे. चोरटा व्यापार व अमली पदार्थ रोखणे, मासेमारीचे संरक्षण, जकात, समुद्रात हरवलेल्यांचा शोध, वादळासारख्या आपत्तीत साह्य, सागरी प्रदूषणाला आळा अशी कितीतरी कामे तीत आहेत. एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला जाईल, असे कलमही आहे; पण व्यवहारात तिचा दिवस जातो तो पोलिसी कामात आणि मदतकार्यात.

यात शहाणपण असे की, सुरक्षा म्हणजे शत्रूच्या सैन्याशी लढाई, ही मोठ्या राष्ट्रांची व्याख्या या बेटांनी आंधळेपणाने उचलली नाही. त्यांच्यावर कोणी रणगाडे घेऊन येण्याचा संभव थोडा. येतात ते अमली पदार्थांचे व्यापारी, चोरून मासे पकडणारी जहाजे, भाडोत्री साहसवीर आणि दरवर्षी जून ते नोव्हेंबर या काळातील चक्रीवादळे. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन वादळाने ग्रेनाडात ३९ बळी घेतले आणि देशाच्या दोन वर्षांच्या उत्पन्नाएवढे नुकसान केले. तुरुंगाच्या भिंती पडल्या, कैदी बाहेर आले, लुटालूट सुरू झाली. ज्या पोलिसांनी बंदोबस्त ठेवावयाचा, त्यांचीच घरे उडून गेली होती. अशा वेळी शेजारच्या बेटांचे जवान आले आणि त्यांनी शांतता राखली. १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळाने ज्या युनियन बेटावरील बहुतेक घरे उद्ध्वस्त केली, ते पंचेचाळीस वर्षांपूर्वी उठाव झालेले तेच बेट होय. त्या बेटाला १९७९ साली बंदुकीपासून आणि २०२४ साली वाऱ्यापासून धोका होता. दोन्ही वेळा ते एकट्याने निभावणे त्याच्या देशाला शक्य नव्हते.

ग्रेनाडाची कसोटी

असे असले तरी या व्यवस्थेच्या इतिहासावर पहिल्याच वर्षी एक डाग पडला. १९ ऑक्टोबर १९८३ रोजी ग्रेनाडाच्या सत्ताधारी पक्षातील जहाल गटाने आपलेच नेते बिशप आणि त्यांचे सहकारी यांना गोळ्या घालून ठार केले. शेजारची बेटे हादरून गेली. सहा दिवसांनी अमेरिकेच्या हजारो सैनिकांनी ग्रेनाडावर आक्रमण केले. त्यांच्यासोबत जमेका, बार्बाडोस आणि पूर्व कॅरिबियन देशांचे मिळून सुमारे तीनशे जवान होते. अध्यक्ष रेगन यांनी ही कारवाई जाहीर केली, तेव्हा त्यांच्या शेजारी युजेनिया चार्ल्स उभ्या होत्या. शेजाऱ्यांनी बोलावले म्हणून आम्ही गेलो, असा अमेरिकेचा युक्तिवाद होता.

तो कायद्याच्या कसोटीला उतरणारा नव्हता. ज्या संघटनेच्या नावाने निमंत्रण दिले गेले, तिच्या १९८१ च्या तहात संरक्षणविषयक निर्णय एकमताने घ्यावेत असे होते, आणि ग्रेनाडा स्वतः तिचा सदस्य होता. गव्हर्नर जनरल पॉल स्कून यांनी पाठविलेले पत्र नेमके केव्हा लिहिले गेले, हा वाद आजही मिटलेला नाही. त्रिनिदाद व गयाना यांनी विरोध केला. ग्रेनाडाच्या राष्ट्रप्रमुख नामधारी का होईना, ब्रिटनच्या राणी होत्या. परंतु ब्रिटनच्या पंतप्रधान श्रीमती थॅचर यांचा विरोधही रेगन यांनी जुमानला नाही. सुरक्षा समितीत अमेरिकेने नकाराधिकार वापरला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मात्र २ नोव्हेंबरला १०८ विरुद्ध ९ मतांनी या कारवाईबद्दल तीव्र खेद व्यक्त केला.

तथापि येथे एक अवघड वस्तुस्थिती आहे आणि ती टाळून चालणार नाही. ग्रेनाडातील पुष्कळ सामान्य माणसांनी या सैन्याचे स्वागत केले. स्वतःच्या पंतप्रधानांना ठार करून रात्रंदिवस संचारबंदी पुकारणाऱ्या लष्करी मंडळापासून त्यांना सुटका हवी होती. २५ ऑक्टोबर हा दिवस त्या देशात कृतज्ञतादिन म्हणून पाळला जातो. २०२३ पासून १९ ऑक्टोबर हा राष्ट्रीय वीरांचा दिवस म्हणूनही पाळला जातो. एकाच आठवड्यात मारल्या गेलेल्या क्रांतिकारकाचे स्मरण आणि त्यांच्या मारेकऱ्यांना हटविणाऱ्या परकीय सैन्याविषयी कृतज्ञता, असे हे दोन दिवस आहेत. दुरून निषेधाचा ठराव करणाऱ्यांना हा गुंता सहजी समजणारा नाही.

पण जनतेला हायसे वाटले, एवढ्याने धोरण योग्य ठरत नाही. मराठी माणसाला हे इतिहासाने शिकविलेले आहे. १८०२ साली होळकरांच्या भीतीने पुण्याहून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. त्याला त्याची गादी परत मिळाली; राज्य मात्र सोळा वर्षांत गेले. राखणीसाठी आलेली फौज धन्याच्या हुकमात न राहता स्वतःच्या हिशेबाने वागू लागते, हा तैनाती फौजेचा धडा आहे. काळ बदलला, आता कोणी कोणाचे राज्य खालसा करीत नाही. पण रक्षकाच्या मर्जीबाहेर जाता न येणे ही स्थिती राज्य खालसा होण्याहून फार वेगळी असते असे नाही.

कॅरिबियन नेत्यांपैकी काहींनी हे ओळखले. ग्रेनाडाच्या घटनेनंतर अमेरिकेकडून शस्त्रे, प्रशिक्षण आणि पैसा यांचा ओघ सुरू झाला आणि या व्यवस्थेचे मोठ्या फौजेत रूपांतर करण्याच्या योजना निघाल्या. १९८६ साली बार्बाडोसमध्ये एरॉल बॅरो पुन्हा पंतप्रधान झाले. त्यांनी आणि सेंट व्हिन्सेंटचे जेम्स मिचेल यांनी या लष्करीकरणाला विरोध केला, आणि तहाचा विचार तूर्त मागे पडला. दहा वर्षांनी जो तह झाला, त्यात या संयमाचा अंश उतरला. व्यवस्था टिकली, पण ती कोणाची पलटण झाली नाही.

दिल्ली, गोवा आणि लहान राष्ट्रे

या प्रकरणाचा आपल्याशी एक संबंध आहे. ग्रेनाडावरील आक्रमणानंतर महिन्याभरातच नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषद नवी दिल्लीत श्रीमती इंदिरा गांधी यांच्या अध्यक्षतेखाली भरली. आक्रमणात सामील झालेले आणि त्याचा निषेध करणारे, असे दोन्ही बाजूंचे कॅरिबियन नेते एकाच सभागृहात आले होते. परिषदेतील अनौपचारिक विचारविनिमय गोव्यात झाला आणि तेथून आंतरराष्ट्रीय सुरक्षेविषयीची घोषणा प्रसृत करण्यात आली. लहान राष्ट्रांच्या सुरक्षेचा खास अभ्यास व्हावा, हा विचार याच परिषदेने उचलून धरला. राष्ट्रकुलाचे सरचिटणीस तेव्हा श्रीदत्त रामफल होते. ते गयानाचे, आणि मळ्यांवर कामासाठी नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज. त्यांच्या कारकीर्दीत १९८५ साली तज्ज्ञांचा जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात लहान राष्ट्रांचा दुबळेपणा हा केवळ लष्करी नसून आर्थिक व नैसर्गिकही आहे, हे ठामपणे मांडले गेले. आज सर्वत्र बोलली जाणारी ही गोष्ट त्या वेळी नवी होती.

हिंदी महासागरातील बेटांना हा दुबळेपणा सांगावा लागत नव्हता. कोमोरोस बेटांत बॉब देनार या फ्रेंच भाडोत्री सैनिकाने १९७८ साली सरकार उलथून टाकले. २५ नोव्हेंबर १९८१ रोजी माइक होअर याच्या नेतृत्वाखाली भाडोत्री सैनिकांची एक टोळी प्रवाशांच्या वेषात सेशेल्सच्या विमानतळावर उतरली; सामानातील बंदूक सापडल्याने बेत फसला, तेव्हा त्यांनी मुंबईकडे निघालेले एअर इंडियाचे विमान ताब्यात घेऊन दरबानला पळविले. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीववर श्रीलंकेतील तमिळ बंडखोरांच्या मदतीने हल्ला झाला. अध्यक्ष गयूम यांनी साह्य मागताच आग्र्याहून निघालेले आपले छत्रीधारी सैनिक त्याच रात्री हुलुले बेटावर उतरले आणि पळणाऱ्या हल्लेखोरांचे जहाज आपल्या नौदलाने अडविले.

मालदीवची कारवाई आणि ग्रेनाडाची कारवाई यांत एक मूलभूत फरक होता. मालदीवमध्ये मदत मागणारे सरकार कायदेशीर होते, ते सत्तेवर होते, आणि काम होताच बहुतेक सैनिक परत आले. तरीदेखील आपण यावर समाधान मानून स्वस्थ बसणे योग्य नाही. २०२३ च्या निवडणुकीत मालदीवमध्ये भारतीय सैनिकांनी देश सोडावा ही मागणी प्रचाराचा विषय झाली, आणि मे २०२४ पर्यंत तेथील विमाने व हेलिकॉप्टरे सांभाळणाऱ्या जवानांच्या जागी बिनलष्करी तंत्रज्ञ पाठवावे लागले. मोठ्या शेजाऱ्याने केलेला उपकार कितीही खरा असो, त्याचे ओझे लहान शेजाऱ्याला सतत जाणवत असते. हे कृतघ्नपणाचे लक्षण मानणे चूक आहे. ते स्वाभिमानाचेही असू शकते.

एकेकट्याने आणि मिळून

कॅरिबियन बेटांच्या अनुभवातून निघणारा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, महासत्तेशी वाटाघाटी एकेकट्याने केल्या तर अटी तिच्या होतात. १९९५-९६ च्या सुमारास अमेरिकेने या देशांपुढे एक नमुना करार ठेवला. अमली पदार्थांच्या संशयित जहाजांचा पाठलाग करीत अमेरिकन तटरक्षक दलाने त्यांच्या सागरी हद्दीत शिरावे, झडती घ्यावी, अशी मुभा त्यात होती. अनेक देशांनी तो जसाच्या तसा स्वीकारला. बार्बाडोस आणि जमेका यांनी मात्र आपले सार्वभौमत्व पुढे करून घासाघीस केली, संमतीची व परस्परतेची अट घातली, आणि १९९७ साली अधिक बरे करार मिळविले. बार्बाडोस काही बलाढ्य देश नव्हे. पण नकार देण्याची तयारी ठेवली, तर लहान देशालाही काही पदरात पाडून घेता येते, हे त्याने दाखविले. हीच घासाघीस सर्वांनी मिळून केली असती, तर सर्वांचाच लाभ झाला असता.

२०२५ साली हा धडा विसरला गेला असे दिसते. २ सप्टेंबरपासून अमेरिकेने कॅरिबियन समुद्रात आणि पुढे पूर्व पॅसिफिकमध्ये अमली पदार्थ वाहून नेत असल्याच्या संशयावरून होड्यांवर थेट बॉम्ब टाकण्यास सुरुवात केली. वर्ष संपेपर्यंत शंभरांहून अधिक माणसे मरण पावली. कोणावर खटला भरला नाही, कोणता पुरावा न्यायालयापुढे आला नाही. ज्या समुद्रात गस्त घालून, संशयिताला पकडून न्यायालयापुढे उभे करण्यासाठी या बेटांनी चार दशके एक यंत्रणा घडविली, त्याच समुद्रात असा न्याय सुरू झाला. कॅरिबियन देशांच्या समुदायाने ऑक्टोबरमध्ये हा प्रदेश शांततेचा राहावा, असे निवेदन काढले. पण त्रिनिदादने त्यापासून स्वतःला वेगळे ठेवले. त्या देशाच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर यांनी अमेरिकेच्या कारवाईला उघड पाठिंबा दिला, आणि नोव्हेंबरमध्ये टोबॅगो बेटाच्या विमानतळावर अमेरिकन रडार उभे राहिले. जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेने व्हेनेझुएलावर हल्ला करून तेथील अध्यक्ष मादुरो यांना पकडून नेले, तेव्हा या प्रदेशाला एकमुखाने काही बोलणे आणखीच कठीण झाले.

त्रिनिदादची बाजू समजून घेतली पाहिजे. टोळीयुद्धांनी आणि खुनांनी तो देश जर्जर झाला आहे. ज्या बंदुका तेथे वापरल्या जातात त्या तेथे तयार होत नाहीत. त्यांतील बहुतेक अमेरिकेतून चोरून येतात. दररोज प्रेतयात्रा पाहणाऱ्या नागरिकाला सार्वभौमत्वाचे प्रवचन रुचत नाही, त्याला तातडीचा उपाय हवा असतो. परंतु होड्या बुडवून बंदुकांचा ओघ थांबत नाही. तो थांबावयाचा तर अमेरिकेच्या बंदरांतून निघणाऱ्या मालाची तपासणी झाली पाहिजे, आणि ती मागणी एकट्या त्रिनिदादने करून भागणार नाही.

दुसरा प्रश्न गयानाचा आहे. हा देश बेट नाही; तो दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे. २०१९ पासून तेथे तेल निघू लागले आणि २०२२ साली तो पूर्व कॅरिबियनच्या सुरक्षा व्यवस्थेत सामील झाला. त्याच्या दोन-तृतीयांश भूमीवर, एसेकिबो प्रांतावर, व्हेनेझुएलाचा जुना दावा आहे. एकावरील हल्ला तो सर्वांवरील हल्ला, हे कलम खरेच अमलात आणण्याची वेळ आली असती, तर डॉमिनिकाच्या काही डझन पोलिसांनी एसेकिबोच्या जंगलात काय केले असते? डिसेंबर २०२३ मध्ये युद्धाचे ढग जमले असता सेंट व्हिन्सेंटचे पंतप्रधान राल्फ गोन्साल्व्हिस यांनी पुढाकार घेऊन गयाना व व्हेनेझुएला यांच्या अध्यक्षांना आर्गाइल येथे एकत्र बसविले. परस्परांविरुद्ध बळाचा वापर करणार नाही, अशी घोषणा १४ डिसेंबरला झाली. वाद मिटला नाही, पण युद्ध टळले. लहान राष्ट्रांचे बळ कोठे असते, याचे हे उदाहरण आहे. त्यांच्यापाशी तोफा नसतात. परंतु त्यांची कोणाला भीती वाटत नसल्याने त्यांच्या घरी दोन्ही पक्ष येऊ शकतात.

पॅसिफिकमधील बेटांचा अनुभव याला पूरक आहे. २००० साली त्या राष्ट्रांच्या मंचाने बिकेटावा घोषणा करून, सदस्य राष्ट्रात संकट ओढवल्यास सर्वांनी मिळून साह्य करण्याची पद्धत ठरविली. तिच्या आधारे २००३ साली सॉलोमन बेटांच्या सरकारच्या विनंतीवरून ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली पंधरा देशांचे साह्यपथक तेथे गेले. यादवी थांबली, शस्त्रे गोळा झाली, आणि २०१७ साली पथक परतले. पैसा आणि माणसे बव्हंशी ऑस्ट्रेलियाची होती. पण टोंगा, सामोआ, फिजी यांचेही पोलीस बरोबर असल्याने ती परकीयांची स्वारी वाटली नाही. तरीही २०२२ साली त्याच सॉलोमन बेटांनी चीनशी स्वतंत्र सुरक्षा करार केला. ऑस्ट्रेलिया व अमेरिका यांची तारांबळ उडाली. सामाईक व्यवस्थेत आपले ऐकले जात नाही असे एखाद्या सदस्याला वाटले, की तो बाहेरचा आश्रय शोधतो, हा यातील बोध आहे. २०१८ च्या बो घोषणेत या बेटांनी हवामानबदल हा आपल्यापुढील सर्वांत मोठा धोका आहे असे एकमुखाने सांगितले होते. मोठी राष्ट्रे मात्र त्यांच्याशी बोलताना तळ आणि बंदरे यांविषयीच बोलत राहिली.

आपण काय घ्यावे

या साऱ्यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, लहान राष्ट्रांच्या सामाईक व्यवस्थेत मदत कोणी मागावयाची, कोणी द्यावयाची आणि ती केव्हा संपावयाची, हे संकट येण्यापूर्वीच लिहून ठेवलेले असले पाहिजे. ग्रेनाडात नियम धाब्यावर बसविले गेले, आणि त्याची किंमत म्हणून त्या कारवाईला आजवर वैधता लाभली नाही. दुसरी, व्यवस्थेचे रोजचे काम साधे आणि उपयुक्त असावे. वादळानंतर रस्ता मोकळा करणारा जवान हाच त्या व्यवस्थेवरील विश्वासाचा पाया असतो. तिसरी, बाहेरच्या मोठ्या राष्ट्राचे साह्य नाकारण्याचे कारण नाही. मात्र ते व्यवस्थेच्या मार्फत, सर्वांच्या संमतीने आणि सर्वांना दिसेल अशा रीतीने यावे. एकेका देशाच्या कानात सांगून केलेले करार अखेरीस सर्वांनाच दुबळे करतात.

यांतील तिसरी गोष्ट भारताने विशेष ध्यानात घ्यावयास हवी, कारण हिंदी महासागरात ते मोठे राष्ट्र आपण आहोत. कोलंबो सुरक्षा परिषदेच्या रूपाने भारत, श्रीलंका, मालदीव व मॉरिशस यांनी २०२४ साली एक सनद स्वीकारली. तिचे रूप पूर्व कॅरिबियनसारखे होणार की तैनाती फौजेसारखे, हे बऱ्याच अंशी आपल्या वागण्यावर ठरेल. परिषदेतील लहान सदस्यांना चोरटी मासेमारी, तेलगळती, वाढती समुद्रपातळी यांची चिंता वाटते. आपल्याला चिनी जहाजांची वाटते. त्यांच्या चिंतेला आपण आपल्या चिंतेइतकेच स्थान दिले, तर ते आपल्याबरोबर राहतील. न दिले, तर सॉलोमन बेटांनी जे केले तेच आपल्या शेजारीही घडेल, आणि त्या वेळी त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.